सातफणीची सर्दी

लाखनी,
७ डिसेंबर

प्रिय भुपेंद्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. खिशात फोन असताना हा मास्तर पत्र काहून लिहितो, असंही मनात आलं असेल. सांगतो. पण आधी बातमी, कारण ती माझ्या पोटात मावत नाही. मी एक कादंबरी वाचली. तुझ्या आवडीची! राक्षस, जादूगार, बोलणारे प्राणी, आणि वरून विनोदी. नुसती वाचली नाही, महिनाभर अख्ख्या लाखनीच्या मागे लागलोय की बाबांनो, वाचा.

तिचं नाव ‘सातफणीची सर्दी’. तळ्याखालच्या एका राज्याचा राखणदार म्हणजे सात फण्यांचा नाग. त्याला सर्दी होते. पहिल्या फण्यात निघालेली शिंक सातव्यापर्यंत पोचायला दीड दिवस लागतो, आणि तोवर सगळी प्रजा आपापली भांडीकुंडी धरून बसलेली. प्रत्येक फण्याचा वैद्य वेगळा. एकाला काढा हवा, दुसऱ्याला वाफ, तिसऱ्याचा कशावरच विश्वास नाही, आणि पोट मात्र सातही जणांचं एकच! लिहितानासुद्धा हसू येऊन राहिलंय बघ.

हे पुस्तक मला रितानं दिलं. हायवेला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि आमच्या वाचक कट्ट्याची ती सर्वांत तरुण सभासद. दिवाळीच्या आधी तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. “सर, नाही आवडलं त सोडून द्या, पण पन्नास पानं वाचाच.” खरं सांगतो, मी ते घरी नेलं ते त्यातल्या चुका काढायला. पेन्सिल घेऊनच बसलो होतो. नवव्या पानावर पेन्सिल खाली ठेवली. विसाव्या पानाला आमची मंगला स्वयंपाकघरातून पाण्याचा गिलास घेऊन धावत आली. तिला वाटलं, मला ठसका लागला. मी हसत होतो. एकवीस वर्षांत तुम्ही पुस्तक वाचताना हसलेले मी पाहिले नाही, असं ती म्हणाली, आणि गिलास तिथंच ठेवून माझ्या खांद्यावरून वाचायला लागली.

मग मी ठरवलं, कट्ट्यावर याचंच वाचन करायचं. परसरामजी तुला आठवत असतील. धानाची शेती, पंच्याहत्तरी उलटलेली, कट्ट्यावर पहिल्या बाकावर बसतात आणि चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाहीत. त्या रविवारी धानाची चुरणी, म्हणजे ऐन मळणी सोडून आले होते. मी वाचायला लागलो आणि शिंक चौथ्या फण्यात पोचली तिथं माझाच आवाज फुटला. पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. बाहेरून ट्रकवर ट्रक चालले होते, आत मी चष्मा पुसत उभा, आणि परसरामजी बाकावरून उठून म्हणतात, “थांबू नका जी मास्तर, राज्य बुडून राह्यलं तिकडं!” एवढा हशा मी आमच्या वाचनालयात कधी ऐकला नव्हता. शेवटी पुस्तक त्यांनीच माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या बोलीत वाचून दाखवलं. सातही फणे झाडीबोलीत भांडायला लागले, आणि भुपेंद्र, ते मूळ पुस्तकापेक्षा भारी झालं.

आता माझा धंदा ऐक. मेडिकलवाल्या आनंदरावांना मी सर्दीच्या गोळ्यांसोबत पुस्तक खपवलं. आधी मी सगळ्यांना त्यातले विनोद सांगत सुटलो होतो. ते सांगून मरतात, हे चार जणांवर प्रयोग करून कळलं. आता फक्त पान नंबर सांगतो आणि निघून जातो. ज्यांना राक्षस-बिक्षस पोरकट वाटतात त्यांना तर मी वादच घालत नाही. त्यांना सरळ ‘राक्षससाहेबांची बदली’ हे दुसरं पुस्तक देतो. त्यात तालुक्याच्या कचेरीत एक राक्षस बदलून येतो, आणि तो एकटाच वेळेवर हजर असतो म्हणून सगळ्यांची पंचाईत होते. भीती वाटायला हवी तिथं त्याची दया येते. आपल्यासारखीच माणसं, फक्त शिंगं बाहेर दिसतात. हे वाक्य मी हल्ली सगळ्यांना ऐकवतो. तू वाचताना इथं थांबला असशील. हो, वाक्य तुझं आहे.

आठ वर्षांपूर्वी कट्ट्याच्या दुसऱ्याच बैठकीला तू खाणीतली पाळी बदलून चिखल्याहून आला होतास. उभा राहून एका अशाच कादंबरीची शिफारस केलीस आणि हे वाक्य म्हणालास. मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. “बालविभाग शेजारच्या खोलीत आहे,” असं म्हणालो. लोक हसले. तूही हसलास आणि खाली बसलास. त्या विनोदावर मी कित्येक दिवस खूष होतो.

परवाच्या रविवारी वाचन संपल्यावर परसरामजींनी विचारलं, “हे सारं कुठलं कुठलं झालं जी. आपल्या भंडाऱ्याकडचं असं कोणी लिहिलं नाही काय?” सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, माहीत नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी तुमसरला लग्नात तुझ्याशिवाय एकट्याच आलेल्या रेणूवहिनी भेटल्या होत्या. मी सहज विचारलं, भुपेंद्र काही लिहितो का? त्या म्हणाल्या, “कुठचं जी. म्हणते, कैलाश मास्तरनं पूर्ण वाचून सांगतलं ना, मले जमत नाही. त्याले कळते.” तुझ्या लिखाणाची ती वही मात्र त्यांनी पेटीत जपून ठेवली आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंडात भजं घातलं आणि दुसऱ्या माणसाकडे वळलो.

भुपेंद्र, मी तुझी वही वाचली नव्हती. पाच महिने ती माझ्या कपाटावर होती. खाणीतला यक्ष आणि त्याचा रजेचा अर्ज, हे तू दारात उभा राहून सांगितलंस तेवढंच मला माहीत. पहिलं पानसुद्धा मी उघडलं नाही. तू न्यायला आलास तेव्हा लाज झाकायला म्हणालो, पूर्ण वाचली, जमली नाही, नाद सोड. तू “बरं झालं सांगितलंस” म्हणालास आणि पायऱ्या उतरलास. फोनवर हे सांगितलं असतं तर तू लगेच “जाऊ दे बे” म्हणाला असतास आणि मी सुटलो असतो. मला तसं सुटायचं नाही. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं भंडारा-तुमसर करत चिखल्याला येतोय. तू शिव्या दे, दारात उभं ठेव, पण वहिनींना पेटी उघडायला सांग. मी तुझ्या ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचणार आहे. आवडली तर सांगेन, नाही आवडली तर तेही सांगेन. या खेपेला वाचून सांगेन.

तुझाच, जर अजून म्हणू देत असशील तर,
कैलाश