खरवस म्हणून दिलेलं कस्टर्ड

चांदा, सोमवार, १२ जानेवारी १९५३

माझं सगळं बदललं ते आज सकाळी साडेसातला. मी विहिरीवर दात घासत होतो. शेजारच्या काकू, मालतीची आई, मागच्या दारात आल्या आणि हात वरून खाली आणून दाखवला. पारा उतरला. मालतीचा मुदतीचा ताप एकविसाव्या दिवशी उतरला. तोंडात राखुंडी तशीच, मी जागच्या जागी बसलो. मग डोक्यावर बादली ओतून घेतली, म्हणजे कोणाला काही दिसू नये.

संध्याकाळी आईच्या खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेलो. पुढे तात्या, मा.चे वडील. माझ्याकडे पाहिलं नाही. दिवाळीत त्यांनी "कॉलेज सोडून आलेला" म्हटलं म्हणून मी भर रस्त्यात त्यांना नाही नाही ते बोललो, तेव्हापासून त्यांच्या घराची पायरी मला बंद. (आणि सोडलंच की. वॉर्डनशी भांडलो, पेटी उचलली, नागपूरहून सरळ घरी. त्यात खोटं काय बोलले ते.)

डॉक्टर म्हणाले, आता अंगात काही राहिलेलं नाही, पेजही ओकते, दूध आणि अंडं मऊ शिजवून द्या, नाहीतर ताप उलटेल. तात्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "आमच्या घरात अंडं येत नाई," एवढंच बोलले आणि निघाले.

ताप उलटेल. हाच शब्द डोक्यात.

१३ जाने., मंगळ

पठाणपुऱ्यात इमामभाईंकडे. हयातभर जंगलखात्याच्या बंगल्यावर खानसामा होते, आता कोंबड्या पाळतात. लहानपणी बाबांबरोबर आलापल्लीला गेलो की त्यांच्या हातचं साहेबलोकांचं पुडिंग खायचो. जिभेवर ठेवलं की गेलं. तेच पाहिजे.

ते म्हणाले, ते क्यारामल कस्टर. मूळचं फ्रेंच लोकांचं, एका मेमसाबनं त्यांना शिकवलेलं. म्हटलं, तात्यांच्या मालतीसाठी करून द्या.

"माझ्या हातचं त्या घरात चालंल का, बाबू? तू बनव. मी बसून सांगतो."

चार अंडी दिली. रुमालात बांधून आणली, वाटेत एक फुटलं.

१४ जाने., संक्रांत

आईला सांगितलं. चुलीजवळ नको, म्हणाली, न्हाणीघराची चूल घे. म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायची, अंगणातली. काल फुटलेलं गेलं, राहिली तीन. इमामभाई बाजेवर बसले, कशालाही हात लावला नाही. साखर डब्याच्या बुडात वितळवायची, तांब्यासारखा रंग आला की उतरवायची. पहिल्यांदा जाळलीच. दुसऱ्यांदा जमलं. आटवून गार केलेलं दूध, अंडी, साखर, चिमूटभर जायफळ, सगळं मलमलच्या फडक्यातून गाळलं. डबा झाकून पाण्यात ठेवला आणि मी लाकडं सारली. खळखळ पाणी. आपल्याकडे उकळी आल्याशिवाय शिजलं असं कोण म्हणेल?

उपडं केलं तर काय सुंदर जाळी! मी आईला हाक मारून दाखवली. अनारशाला अशी जाळी पडली तर ती शेजारीपाजारी वाटत सुटते.

इमामभाईंनी कपाळावर हात मारला. "हे कस्टर हाये का मधमाशीचं पोळं? एक भोक दिसलं असतं तं साहेबानं बशी परत धाडली असती."

पाणी नुसतं थरथरलं पाहिजे म्हणे, उसळलं नाही पाहिजे. मी म्हटलं, आधी सांगायला काय झालं होतं? "तू आयकतं कुठी? जाळ पाह्यला की तुले चेव येते."

चिडलो. मग दोघांनी बसून ते पोळं खाल्लं. चांगलं होतं.

१६ जाने.

तिसऱ्या खेपेला आलं. लाकडं ओढून घेतली, फक्त निखारे, दोन झाकणावर. दीड तास हललो नाही. आई म्हणाली, इतका वेळ पुस्तकापुढे बसला असता तर. डबा गार होऊ दिला, ताटलीवर उपडा केला. एकही भोक नाही. वरून तपकिरी पाक उतरत होता, आणि ते जरा हललं, जिवंत असल्यासारखं.

आता द्यायचं कसं? आईची कल्हईची वाटी घेतली, वर केळीचं पान. तात्या पोस्टात गेले होते. मागच्या दाराशी गेलो. काकूंनी विचारलं, काय आणलं रे. तोंडातून निघून गेलं: "खरवस."

"चीक कोणाकडचा?"

"आपल्या गवळ्याची म्हैस व्याली ना."

काकूंनी पान उचललं, पाहिलं, परत झाकलं. वाटी आत नेली.

१७ जाने.

पोटात राहिलं! सगळं खाल्लं, ओकली नाही. काकूंनी वाटी परत दिली, रिकामी देत नाहीत म्हणून मूठभर मुरमुरे. आज पुन्हा नेलं. ते मुरमुरे मी एकेक करून खाल्ले, येड्यासारखा.

१९ जाने.

उशीला टेकून बसली म्हणे. रोज एक वाटी. इमामभाईंच्या कोंबड्यांना माझं नाव माहीत झालं असेल.

२१ जाने., बुध

पाहिली. दाराची चौकट धरून उभी होती, केस कापलेले, डोळे केवढे. तीन महिन्यांनी. मी वाटी उंबऱ्यावर ठेवली. ती काकूंना हळूच काहीतरी म्हणाली. काकू बाहेर येऊन सांगतात, "तिले साखर आणखी थोडी जळलेली पाह्यजे. कडवट आवडते म्हणते."

हसत हसत परत आलो. मग दाराशीच थांबलो. तिला काय ठाऊक ती काय खाते ते?

इमामभाईंना सांगितलं, खरवस म्हणून देतो. हातातली अंडी त्यांनी परत टोपलीत ठेवली. "हे मले माहीत नव्हतं. ज्याच्या पोटात जाते त्याले माहीत पाह्यजे, बाबू. लपवून खाऊ घालणं म्हणजे..." मी वेताचा मोढा लाथाडला, ती मरावी असं वाटते का तुम्हाला, असं ओरडलो. ते मोढा उचलून जागी ठेवत होते. म्हातारा माणूस. मी तसाच निघून आलो.

२२ जाने.

सकाळीच जाऊन पाया पडलो. अंडी दिली, म्हणाले, आधी सांग, मग शिजव.

काकूंना सांगितलं. एका दमात, खाली पाहून. म्हटलं, मारा, पण तिला काही बोलू नका, तिचा दोष नाही.

काकू तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"गवळ्याची म्हैस फागुनात व्याणार हाये. मी रोज त्याच्याकडूनच दूध घेतो. अन् सहा दिवस चीक कोणती म्हैस देते रे?"

मला कळेना. आमच्या गल्लीत एकच गवळी, सगळ्यांचं दूध त्याच्याकडून, आणि मी हे कोणाला सांगत होतो? म्हटलं, मग पहिल्याच दिवशी फेकून का नाही दिलं?

"फेकून देऊ? डॉक्टर काय बोलले ते ह्यांनी मले सांगतलं होतं. पान उचललं तेव्हाच समजलं. तशीच मालतीजवळ गेलो, अंडं हाये म्हणलं, खाशील का. ती म्हणाली, त्यानं केलं का? आण."

त्यानं केलं का. आण.

भिंतीला टेकलो. छातीवरचं पोतं कोणीतरी उचलून नेल्यासारखं. मा.ला माहीत होतं. सहाही दिवस माहीत होतं. कडवट साखर माहीत असून मागितली.

मग विचारलं, तात्यांना?

"ते मी नाई सांगत. चूप राह्यलो, तेवढं पाप माझं. खोटं तू बोलला. रविवारी घरी असतात. समोरून ये."

२३ जाने.

काल, आज, दोन्ही दिवस वाटी दिली. आता पान झाकत नाही. मा. अंगणात चार पावलं चालली. ताप नाही. डॉक्टर म्हणाले, धोका गेला. हे चार शब्द मी तीनदा लिहून खोडले, पुन्हा लिहितो: आता तिचा धोका गेला.

रात्री झोप आली. किती दिवसांनी.

२५ जाने., रविवार

काय काय ठरवलं होतं बोलायचं. दिवाळीचं आधी, मग अंडं, मग कॉलेज... जूनमध्ये परत जाईन म्हणावं का? वॉर्डनकडे माफी मागावी लागेल. त्यातलं कोणत्या क्रमाने, कळत नाही. ते ओरडले तर मी ओरडायचं नाही, एवढंच पक्कं. माळ दाखवून म्हणाले, माझ्या पोरीला बाटवलंस, तर? ती जिवंत आहे, एवढंच म्हणेन.

आईने विचारलं, रिकाम्या हाताने जातो का. होय म्हटलं. आज हातात वाटी असली तर तात्या वाटीशीच बोलतील.

कोट घातला, काढला, पुन्हा घातला. बाजूच्या खिडकीतून तात्या ओसरीवर बसलेले दिसतात. चष्मा पुसताहेत. मागे आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे, कोणीतरी उभं आहे, कोण ते इथून दिसत नाही.

आई म्हणते, जाणार असशील तर जा, नाहीतर कोट काढ.

निघतो. बाहेर पडून दार ओढून घेतो, मागे वळायला नको.