बोट ठरलेलीच आहे

केशोरी,
दि. ४ जानेवारी

प्रिय खुशबू,

सप्रेम जयभीम. संघदीप जावईबापूंनाही सांग. इथे आम्ही दोघं ठीक. धान विकून झाला, तुझ्या आईचा खोकला गेला, आणि थंडी अशी की सकाळी तलावावर वाफ उठून राहते.

पत्र काऊन, म्हणशील. फोनवर मला शब्द सापडेपर्यंत तूच माझं वाक्य पुरं करून टाकतेस. कागद मध्ये बोलत नाही.

तर ऐक. मालवणची बोट तू रद्द केलीस. मी ती परत ठरवली. तारीख तेवीस, सकाळी सहा ते दहा, मासेमारीसाठी अख्खी बोट आपली. आयुष्यात पहिल्यांदा मोटर दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावून कुठं जाऊन राहिलो, आणि तू पाठीमागून बोटवाल्या केळुसकरांना फोन करतेस, "बाबांना लकवा झाला होता, घेऊ नका." बावन्न वर्षांच्या माणसाची सुट्टी त्याला न विचारता रद्द होत नसते.

तयारी सांगतो, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. एक चूक झाली, तीही सांगतो. आपल्या तलावात रोहू, मरळ गांडुळावर येतात, म्हणून मी तीन आठवडे डब्यात शेण घालून गांडुळं पोसली. तुझी आई म्हणे, "हा डब्बा गाडीत कायले नेता जी? कोणी जेवणाचा समजून उघडंल!" केळुसकर तर फोनवर पोट धरून हसले. "काका, समुद्रातलो मासो गांडूळ खाणा नाय! बांगड्याचो तुकडो लागता." हसोत. मोटर वाइंडिंग कोणत्या गुरूजवळ शिकलो? तीन मोटरी जाळल्या, तेव्हाही गाव हसलंच होतं. गांडुळं वांग्याच्या वाफ्यात सोडली. आता रोहूच्या तुकड्यावर सराव करतो. गळाची गरी कातडीच्या बाजूनं घालायची, नाहीतर तुकडा पाण्यात सुटतो.

दोरीची गाठही शिकलो. पाच वेढे, सहावा नाही. ओढण्याआधी थुंकीनं ओली करायची. बांधली आणि आठ किलोचा मोटरचा गाभा त्यावर दोन तास टांगला. एक सूत सरकली नाही. तुझी आई दारातून म्हणते, "मासा पकडून राहिले का मोटर?"

ती गाठ दातांनी आणि डाव्या हातानं बांधली.

फोनवर "नव्वद टक्के बरा" म्हणतो ना, ते खोटं आहे. उजव्या हातात कपही राहत नाही. दुकानात वाइंडिंग हेमेंद्रभाऊ करतात. मी खुर्चीत बसून वेढे मोजतो आणि चुकले की ओरडतो. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मला पुण्याला नेऊन खिडकीजवळ बसवलं असतं. ते मला मंजूर नाही. आजही नाही.

केळुसकरांना मात्र सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, बोट त्यांची. ते म्हणाले, लाइफ जॅकेट काढायचं नाही, बसूनच राहायचं, आणि मासा लागला की गळाची काठी धरायला शेजारी घरचं माणूस पाहिजे. गोंदियाच्या डॉक्टरांनाही विचारून आलो. गोळ्या वेळेवर आणि सोबत कोणीतरी, एवढंच म्हणाले.

तुझी आई बोटीत बसायला तयार आहे, पण मासा दिसला की ती डोळे मिटून घेते. काठी काय धरणार!

तुला मी विनंती करून नाही राहिलो. तू नाही आलीस तर केळुसकरांचा खलाशी धरेल, त्यांनी कबूल केलं आहे. पण तो दोरी केव्हा सैल सोडायची ते मला विचारणार नाही. तू विचारशील. लहानपणी तलावावर दर मिनिटाला विचारायचीस.

एकवीस तारखेला आम्ही गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतो. डबा एस-चार. दुसऱ्या दिवशी गाडी पुण्यात येते, पुढं शेवटच्या स्टेशनावरून बसनं मालवण. मला उतरवून घ्यायला येणार असशील तर येऊ नको, मी दाराजवळही येणार नाही. चढायला येणार असशील तर ये. खिडकीची जागा तुझी.

कोणाच्याही सांगण्यावरून न थांबणारा,
पण पुण्यात दहा मिनिटं तुझी वाट पाहणारा,
तुझा बाबा
खुशाल