महालक्ष्म्यांच्या पडद्यावरचं पाणी

३ ऑगस्ट, रविवार

राजेश्रीकाकूंनी महालक्ष्म्यांच्या मागे लावायचा पडदा माझ्या गळ्यात घातला आहे. जाळीचं कापड, त्यावर तळ्याचं चित्र छापलेलं. वर आकाश, खाली पाणी, मध्ये कमळं. कमळं त्यांनी स्वतः भरली आहेत — इतकी गच्च, की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. उरलेलंही तसंच हवं. मी म्हटलं, मागे दिवे लावणार ना? मग टाका विरळ हवा, जाळी दिसायला हवी.

"भोकं कशाला सोडायलीस? लोक म्हणतील, दोरा पुरला न्हाई."

लोक!

निघताना दारात, हळूच: "आणि जाऊबाईंचा हात लागू देऊ नको. रीत हाय, मी न्हाई काढली."

बाबा गेल्यापासून सणाचे तीन दिवस आई काकूंच्या घरी जात नाही. आता तिची सुईही चालत नाही. मी जिनिंगच्या लॅबमध्ये कापसाच्या तंतूची लांबी मोजते, ताकद मोजते. विधवेनं धरलेला दोरा ओळखणारं यंत्र अजून माझ्या पाहण्यात नाही.

६ ऑगस्ट

आकाश ठरलं. तिरपी चौकट, मध्ये जाळीची दोन घरं रिकामी. आधी आलेखाच्या कागदावर काढली. एक घर चुकलेलं नाही.

१० ऑगस्ट

पाणी जमत नाही. चौकटी घातल्या तर फरशी दिसते. उभे टाके घातले तर पाऊस. तीनदा उसवलं.

आई भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "लाट मोजून येत नाही गं." राग आला. सुई तिच्याच हातात दिली.

१७ ऑगस्ट

पाणी आई करते. दार लावून! एका ओळीत तीन घरं सोडते, पुढच्या ओळीत पाच, मग दोन. हिशेब काही नाही, पण तळं हलतं. ओळ संपली की दोरा मागे दडवून कापते. किती वाया! मी आकाशात एका चौकटीतून दुसरीत दोरा मागूनच ओढून नेला. मागचं कोण बघतं?

लग्न होऊन आलेल्या काकूंना सुई धरायला आईनंच शिकवलं म्हणे. शिकवणी फुकट गेली. त्यांना कळतं ते एवढंच — गच्च आणि विरळ. तीन दिवस त्यांच्या रितीच्या नाकासमोर आईचं पाणी राहील. मला पुरे.

३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या आल्या. पडदा लागला, मागे दिवे लागले. पाणी चमकलं. आकाशात मात्र आडव्या-तिडव्या काळ्या रेघा — मागून ओढलेला माझाच दोरा. शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, "विजेच्या तारा पण काढल्यास?"

काकू पडद्यामागे गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. 

१ सप्टेंबर

आकाशामागचे दिवे काढलेत. पाण्यामागचे तसेच. काकूंनी स्वतः काढले. न बोलता अपमान करणं त्यांना छान जमतं.

२ सप्टेंबर

सकाळी काकूंचा फोन. "मुखवटे उतरवायच्या आत जाऊबाईंना घेऊन ये. त्यांनी त्यांचं पाणी उजेडात पाहिलं न्हाई अजून."

आई साडी बदलून दारात उभी आहे. मला माझी चप्पल सापडत नाही.