ठेंगणीला दाखवलेलं ऊन

॥ जय मल्हार ॥
खंडाळा, १२ सप्टेंबर २०२५

सौ. राहीबाई विहीणबाईंस भामाबाईचा सा. न. वि. वि.

आमी इकडं खुशाल, तुमी बी असालच. फोन हाय खरं, पर फोन केला की तुमचे मालक, आमचे इवाईच उचलत्यात आणि पावसाचंच बोलत्यात. म्हणून चौथीतलं अक्षर कामाला लावलं.

बातमी अशी, की आपली नात अंकिता, माझ्या मंगलची आणि तुमच्या अमृतरावांची, साताऱ्याला कॉलेजात गेल्यापासनं दर शनिवारी माझ्याकडं येती. ह्या बारीला वाद्य घिऊन आली. युकुलेले बेस म्हणत्यात. ते जिभंवर बसंना, म्हणून मी तिचं नाव ठेंगणी ठेवलं. गिटारीचं शेंडेफळच. एसटीत मांडीवर बसती. तारा चारच, पर जाड, काळ्या, रबरी, सायकलची ट्यूब वळल्यागत. एवढ्याशा पोटातनं असा घुमारा निघतो की मांडणीवरचे पेले हुंकार देत्यात.

मानेवर आडव्या पितळी पट्ट्या हुत्या. अंकीला सूर घसरवत न्यायचा, म्हणून एकेक पट्टी तापवून उपटली आणि खाचांत पांढऱ्या लाकडाच्या काड्या भरल्या. पकड धराया मीच! आता मान कशी गुळगुळीत, तेल लावल्या बाळाच्या पाठीगत. जुन्या लुगड्याचा गलेफ बी शिवला. सांजंला मी अभंग म्हणती आणि ती खालनं सूर धरती. बोटं अगदी माझी हो, लांब आणि पातळ.

तुमच्याकडं येतीय का कवा? न्हाई, आपलं विचारलं.

लोभ हाय तसा राहू द्या, हेवा तेवढा करू नका.
तुमची, भामाबाई


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
जत, १७ सप्टेंबर

गं. भा. भामाबाई इहीणबाईंस राहीबाईचा नमस्कार.

पत्र पावलं. दोन डाव वाचलं, दुसऱ्या डावाला दात खाऊन.

बोटं तुमची कशी आवं? लग्नात हळद लावताना तुमची बोटं मी बघितल्यात, आल्याच्या गड्ड्यागत. अंकीची बोटं तिच्या आज्याची, आमच्या ह्यांची. चाळीस वर्सं बिरोबाम्होरं ढोल वाजवणारा हात हाय त्यो. आणि पकड धरली म्हणून एवढी फुशारकी? आमी मेंढरं कातरताना कातर धरतो, त्याचं पत्र लिवत न्हाई.

मला फोन करती, जेवलीस का आज्जी म्हणती आणि ठेवती. तुमच्याकडं शनिवार-ऐतवार, आणि माझ्याकडं एवढंच. पोरगी आमच्या नावाची हाय, ध्यानात असू द्या.

खंडेनवमीला आमच्यात ढोल, काठी, कातर समद्यांची पूजा असती. घरच्या लेकरानं वाद्य घेतलंय तर ते घरच्या देवापुढं नको का? अंकीला आणि ठेंगणीला, दोघींना धाडा. पुन्हा लिवते, दोघींना.

राग मानला तरी चालंल, लोभ सोडू नका.
राहीबाई


खंडाळा, २३ सप्टेंबर

सौ. राहीबाई विहीणबाईंस सा. न. वि. वि.

दोघींचं जमत न्हाई. अंकीची परीक्षा आलीया, दसऱ्याला माझ्याकडंच थांबून अभ्यास करती म्हणाली. मी लय सांगितलं, पर आजकालची पोरं. अमृतराव कामानं साताऱ्याला येणार हायत, सांगलीला घरी परतताना त्यांच्या हाती ठेंगणी धाडते. ते जतला आणून देतील. देवाच्या कामात मी आडवी येणारी न्हाई.

गलेफ मळवू नका. बाकी लेकरागत संभाळा.

आठवण ठेवा, मी बी ठेवती.
भामाबाई


जत, ३ ऑक्टोबर

इहीणबाई, नमस्कार.

आज टोमणा मारायचं बळ न्हाई. पोरीला सांगू नका, आदी तुमी वाचा.

ठेंगणी आली. गलेफ उघडला. टाके बारीक हायत तुमचे, खोटं कशाला बोलू. हळदकुंकू वाहिलं, भंडारा उधळला, नवमी झ्याक झाली. दुसऱ्या दिशी ह्यांनी एक तार छेडली तर अगदी सैल, लोंबती. आता ढोल सर्दला की आमी काय करतो? ऊन दाखवतो. कातडं ताणतं आणि आवाज सुटतो. हे म्हणाले, हिला बी खंडाळ्याच्या पावसाची सर्दी झालीया. म्हणून पत्र्यावर सतरंजी टाकून ठेवली. कावळा बसू नये म्हणून मी शिडीवर राखण बसले.

दुपारी टक्‌ असं वाजलं. तारा ज्या पट्टीला बांधल्यात ती पट्टीच पोटावरनं उचकटून आली. पत्र्याच्या झळंनं चिकटवण पाघळली. तारा गांडुळागत लोंबाया लागल्या. हे तवापासनं मेंढरांत जाऊन बसल्यात, घरात येईनात.

पोरगी आदीच माझ्याकडं फिरकत न्हाई, आता तोंड बी बघणार न्हाई. तिला कसं सांगायचं तेवढं तुमी बघा. तुमचं ती ऐकती. हे लिवताना मला काय होतंय ते बिरोबालाच ठावं.

तुमची, राहीबाई


खंडाळा, ६ ऑक्टोबर

सौ. राहीबाई विहीणबाईंस नमस्कार.

पत्र आलं तवा अंकी इथंच हुती. खरं सांगू? तुमी नको म्हणला हुता, तरी मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, चिडंल. पर ती पोट धरून हसली, मग डोळं पुसलं. म्हणाली, आज्जी ह्या वयात शिडीवर बसून कावळं राखत हुती व्हय! लगोलग पिशवी भरली आणि तुमच्याकडं यायची गाडी धरली. कडबोळी केली हुती, ती बी न्हेली न्हाईत.

चिकटवायचं काम एका दिसाचं हाय. झालं की धाडून द्या. घरात पेला बी वाजत न्हाई.

वाट बघणारी, भामाबाई


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
जत, १२ ऑक्टोबर

इहीणबाई, अंकी आली! माझ्या दारात, माझ्या उंबऱ्यावर!

पर उंबऱ्यावर उभी राहून पयलं काय विचारलं ठावं हाय? म्हणाली, दसऱ्याला तुला मी नको हुते, नुसती ठेंगणी हवी हुती व्हय? मला कळंना. मग समदं निघालं. परीक्षा कसली आवं, तिला तर सुट्टी हुती. तुमी तिला सांगितलं, राहीबाईंनी लिवलंय की पोरगी नको, वाद्य तेवढं धाडा. मी एका पत्रात दोन डाव ‘दोघींना’ लिवलं हुतं. मी ऊन दाखवलं ते न कळून. तुमी केलं ते कळून. ह्याच्यावर काय बोलता?

आता जळा. आजा आणि नात मिरजेला गेली. तिथल्या तंबोरे करणाऱ्या कारागिरानं जुनं चिकाट खरवडलं, पट्टी बसवली, आवळून ठेवली. तीन दिस हात लावू नका म्हणाला. मग अंकीनं नव्या तारा चढवल्या. आणि ऐका, नव्या रबरी तारा आठ-पंधरा दिस ताणतच राहत्यात! सकाळी सुरात आणाव्या, सांजंला उतरलेल्या. अंकी वैतागती. मी म्हणती, उतरंनात का, तुझं काय जातंय.

ह्यांचा ढोल आणि तिची ठेंगणी अशी जुगलबंदी चाललीया की मेंढरं चरायची थांबत्यात. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलीया, धाडायची घाई न्हाई.

लोभाचं पुढं बघू.
राहीबाई


खंडाळा, १५ ऑक्टोबर

राहीबाई,

व्हय, खोटं बोलले. ठेंगणी देऊन पोर ठेवून घेतली.

मंगलचे वडील मिल्ट्रीतनं आले आणि तीन वर्सांत गेले. तुमच्याकडं इवाई हायत, मेंढरं हायत, दिसभर कुणी तरी हाक मारतंय. माझ्याकडं शनिवार येतो आणि ऐतवारी सांजच्या गाडीनं जातो. तुमी तिला मागितलं आणि मी ते पत्र दडवून ठेवलं. दसऱ्याला पोर माझ्यापुढं बसली, पर तोंड पाडून. जतच्या आज्जीला मी नको झाले, असं दोनदा म्हणाली. पुरणपोळी तिनं ताटातच ठेवली, तरी मी वर तूपच वाढलं. ते तिचं तोंड मला दिसत राहतंय.

आता ती माझा फोन उचलत न्हाई. मी तिकडं यिऊ का? तुमी नको म्हणला तरी येणार, हे बी सांगून ठेवते. आत न्हाई घेतलं तर जतच्या स्टँडावर बसंन.

भामाबाई


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
जत, १७ ऑक्टोबर

गं. भा. भामाबाई इहीणबाईंस राहीबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं न्हाई, अंकीच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली, लय येळ तारा पुसत बसली. मग म्हणाली, आज्जीला येवढा रस्ता एकटीला झेपायचा न्हाई, सांगलीपतूर मी आणाया जाती. मला लागलं का? लागलं. माझ्यासाठनं ती कवा स्टँडावर आली न्हाई.

तरी या. भाऊबीजंपतूर ऱ्हावा. तिघींची अंथरुणं एका वळीला घातल्यात. मधलं अंकीचं, उजवीकडं तुमचं, डावीकडं माझं. ती डाव्या कुशीवर निजती, हे मी आठ दिस बघून ठेवलंय. जागा बदलून मिळणार न्हाई.

तुमची इहीण,
राहीबाई