डावीकडून उघडलेलं पुस्तक

आबा, तुमाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि तुमी होता तेव्हा मी तुमाला एक ओळ लिहिली नव्हती. चौथीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. आमची बोट जपानच्या बंदराला लागली आहे. मी इंजिनात तेलपाण्याचं काम बघतो. खिशात दादाचं पत्र आहे. वाळव्याची मुलगी तुझ्यासाठी पसंत केली, लग्नाची तारीख धरली, सुट्टी काढून ये, असं लिहितो. परवा बोट सुटायच्या आत त्याला उत्तर टाकायचं आहे.

बंदराबाहेर एका म्हातारीचं चहाचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाइकांसाठी चित्रांच्या गोष्टींची जाडजूड पुस्तकं पडलेली असतात, मांगा म्हणतात त्यांना. मला त्यांची भाषा वाचता येत नाही, नुसती चित्रं बघतो. काल एक उघडलं. पहिल्याच पानावर पुलाच्या कठड्याशी बूट ठेवलेले, माणूस नाही. मग शाळेचा वर्ग. सगळी पोरं दात काढून हसतायत आणि एकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतोय. पानं उलटत गेलो तसं हसणं मागं पडलं, बोट खाली आलं, आणि शेवटी ते दोघं पोरगे एका छत्रीत, खांद्याला खांदा लावून. मला वाटलं, लय मोठ्या मनाचा देश दिसतो. गेलेला परत आला, हसणारे गप झाले. मी तेच पान धरून बसलो. म्हातारीनं बघितलं, हसली, पुस्तक माझ्या हातातनं घेऊन पालथं केलं आणि मी ज्याला शेवट समजत होतो तिथं बोट ठेवलं. त्यांच्यात उजवीकडून वाचतात. म्हणजे छत्री आधी. मग वर्ग, मग ते बोट. बूट सगळ्यात शेवटी.

चहा तसाच राहिला, आबा. डोळ्यापुढं आपलं गुऱ्हाळ आलं. तुमी गुळवे, रस कधी उतरवायचा ते नुसत्या फेसावरून सांगणारे. रस उकळायच्या काहिलीखाली चुलवाणात उसाची चिपाडं घालायला एक पोरगा यायचा, माझ्याच वयाचा, एकोणीस-वीसचा. भर दुपार आहे. चिपाडाच्या ढिगामागं आमी दोघं बसलोय, हातात हात. चिपाडं न्यायला आलेला गडी बघतो आणि ओरडत सुटतो, "आवं आबा, सून आली बगा घरात. मिशा तेवढ्या हायत्या." सगळं गुऱ्हाळ हसतंय. तुमी काहील ढवळायचं फावडं हातात घेऊनच येताय.

"हात कुनी धरला?"

मी बोट दाखवलं. "ह्यानं. मी नगं म्हनत हुतो."

तो माझ्याकडं बघत राहिला, मी अजून काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा. फावड्याचा दांडा दोनदा त्याच्या पाठीत बसला. "परत हिकडं दिसलास तर चुलवाणात घालीन." तो अनवाणीच गेला. त्याच्या वहाणा चुलवाणाच्या तोंडाशी राहिल्या, हंगाम संपेपर्यंत तिथंच होत्या. तो काही न्यायला आला नाही.

त्या दिवशी तुमचं आदण करपलं. अख्ख्या काहिलीचा गूळ काळा पडला, तुमच्या हातून असं आयुष्यात एकदाच झालं. त्यातला एक खडा माझ्या तळहातावर ठेवून तुमी म्हणालात, "खा. आन पुन्ना ह्यो इषय न्हाई." मी खाल्ला. तुमाला सगळं कळलं होतं का, हे विचारायचं राहिलं. वर्षाच्या आत तुमी गेलात.

दादाला आज लिहिलं, मुलीला अडकवून ठेवू नका, मी येत नाही. कारण लिहिलं नाही. ते ह्या कागदावर आहे, आणि ह्या कागदाला पत्ता नाही.

आबा, हात मी धरला होता. तो सोडवून घेत होता. "कुनीतरी बगंल रं," म्हणाला. मी सोडला नाही.