राखून ठेवलेलं चर्च

मनिला, ३० मार्च १९८७

ती. थोरली बहीण मानांग तेओफिस्ता हिस,
धाकट्या बहिणीचा, सालुदचा, शि. सा. न. वि. वि.

तू, तुझे गुडघे आणि तुझ्या कोंबड्या बऱ्या असाल. इकडे मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्या पोराच्या, रुपेर्तोच्या जहाजाचा आठवडाभर पत्ता नाही. लाकूड भरून जपानला निघालं, तेवीस तारखेला त्याचा बिनतारी निरोप आला तो शेवटचा. मी रोज कंपनीच्या कचेरीत जाऊन बसते. तिथला गृहस्थ मला कॉफी देतो आणि समुद्र फार मोठा असतो म्हणून सांगतो. जसं काही मी त्याला तळं समजत होते!

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांना बोहोलची सात चर्चं आणि आपल्या त्या गोल टेकड्या दाखवायचं मी कधीच कबूल करून बसलेय. रद्द करणार होते, पण घरात बसले तर वेड लागेल. तेव्हा येतेच.

मानांग, एक मागायचंय. कुठल्याही चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकताना मागितलेलं मिळतं. पण आपल्या बेटावरची सगळी चर्चं मी आईच्या कडेवर बसूनच पाहिली, आणि तेव्हा खाऊशिवाय काय मागितलं असणार? तू मात्र बांतोलिनावच्या चर्चमध्ये अजून गेली नाहीस. आम्ही गेलो तेव्हा तुला गोवर आला होता. पुढे आपल्या आतेबहिणीच्या लग्नातही तू बाहेर झाडाखाली बसून राहिलीस, आत्या रुसल्या तरी हलली नाहीस. तुझं ते मागणं रुपेर्तोसाठी माग. दहा वर्षांचा होईतो त्याला तूच वाढवलंस. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही असं म्हणत नाही, पुष्कळदा मागितलंय. पण एवढं दे.

तुझ्या मायेची नेहमीचीच भुकेली,
सालुद


बोहोल, ६ एप्रिल १९८७

चि. सालुद हिस,
मानांगचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचलं आणि कोंबड्यांना दाणे घालायचं राहून गेलं. पोराचं असं झालंय आणि मला आठवड्यानं कळवतेस? तुला काय म्हणावं!

आता मागण्याचं. ते मी कशासाठी राखलंय हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. माझ्या मरणासाठी. आई चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं मी केलं. तू मनिलात नोकरीला होतीस, तुला दोष देत नाही. थोडा देते. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, मग माझं कोण करणार? म्हणून मरण चटकन यावं, कुणाकडून करून घ्यायची पाळी येऊ नये, एवढं एकच मागायचं होतं. तीस वर्षं जपलेली गोष्ट तू एका ओळीत मागून मोकळी झालीस. मला राग आलाय. रुपेर्तोची काळजीही तितकीच लागलीय, त्यामुळे धड रागावताही येत नाही. बघते काय ते.

त्या अकरा जणींना सांग, बिनबाह्यांचे झगे चर्चमध्ये चालायचे नाहीत. टेकड्या सध्या वाळून तपकिरी झाल्यात, नंतर कुरकुर नको. गुरुवारी सगळ्यांना पुरेल एवढी बिनिग्नितची खीर करते. नारळ आहेत, रताळी मात्र तू येताना बंदरावरून घे.

जेवत जा. माझी माया रागातही उणी होत नाही, हे तुला ठाऊक आहेच.
मानांग


मनिला, २२ एप्रिल १९८७

ती. मानांग हिस,
सालुदचा शि. सा. न. वि. वि.

माझी तार पोचली असेलच. आपला रुपेर्तो सुखरूप आहे! इंजिन बंद पडलं, बिनतारी यंत्रात पाणी शिरलं, आणि एकोणीस दिवस ते नुसते वाहत होते. शेवटी मासेमारीच्या एका मोठ्या बोटीनं त्यांना ओढून तैवानच्या बंदराला लावलं. फक्त दाढी वाढलीय आणि पाच किलो उतरलाय, असं तो कळवतो.

आता हसावं की रडावं ते तू सांग. त्याची तार मी बोहोलला निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, इथे आली होती! ती घेतली शेजारच्या आलिंग चारिंगनं. पवित्र आठवड्यातली तार म्हणजे वाईटच असणार, ती ईस्टरच्या आधी उघडली तर खरी ठरेल, असं म्हणून तिनं ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या बाळयेशूच्या मूर्तीमागे ठेवून दिली. सोमवारी मी घरी आले तेव्हा रडत रडत माझ्या हातात दिली. मी आधी तिला मिठी मारली आणि मग यथेच्छ शिव्या घातल्या.

पण मानांग, मला खातंय ते वेगळंच. बांतोलिनावला मिरवणुकीचे रथ सजवायला लावले होते म्हणून मोठं दार बंद होतं. सगळ्या बायका बाजूच्या दारानं आत गेल्या आणि तू उन्हात अडून बसलीस. बाजूच्या दारानं मागितलेलं बाजूलाच पडतं, असं त्या सेवेकऱ्याला सुनावलंस. बिचाऱ्यानं रथ ढकलून दार उघडलं. आत पाऊल टाकताना तुझे ओठ हललेले मी पाहिले. काय मागितलंस ते विचारायचा धीर झाला नाही. रुपेर्तोसाठी मागितलं असशील तर ते फुकट गेलं गं. तो त्याच्या आधीच्या शनिवारीच किनाऱ्याला लागला होता. माझ्यापायी तुझी इतक्या वर्षांची ठेव गेली.

म्हणून हे लेखी देते. तू अंथरुणाला लागलीस तर तुझं करायला मी येईन. चार वर्षं तर चार वर्षं. आईच्या वेळी आले नाही, ते मला कळतं.

तुझ्या पायांशी जागा असू दे.
सालुद


बोहोल, २५ मे १९८७

चि. सालुद हिस,
मानांगचे अनेक आशीर्वाद.

रुपेर्तो शुक्रवारी बोटीनं आला. काठीसारखा झालाय. बंदरावर सगळ्यांसमोर त्याला दोन धपाटे घातले आणि मग माझ्याच डोळ्यांना धार लागली.

मी काय मागितलं ते ऐक. दोन्ही मागायचं ठरवून गेले होते. आधी पोराचं, मग माझं. एका पावलात दोन मागायला बंदी थोडीच आहे! पण पाऊल आत पडलं, त्याचं नाव घेतलं आणि माझं मरण मला आठवलंच नाही. बाहेर येऊन बिनिग्नित वाढायला घेतली तेव्हा आठवलं. तेव्हा फुकट गेलं वगैरे रडगाणं बंद कर. तुझं पत्र मात्र मी जपून ठेवलंय. माझ्या खाटेजवळ तू पंखा हलवत बसलीयस हे नजरेपुढे आणते आणि हसू येतं. तुला साधी पेज जमत नाही, मला भरवणार काय?

काल त्याला टेकड्या बघायच्या होत्या. एका पावसानं लगेच हिरव्या झाल्यात. पायऱ्या माझ्यानं चढवत नाहीत, म्हणून मी खाली बाकावर बसले आणि तो वर गेला. झाडांमुळे दिसेना. मग वरून मावशीला हाक आली, तिया! मी गप्प राहिले. परत आली, जरा मोठ्यानं. ऐकू येत होतं गं मला, अगदी स्वच्छ. पण म्हटलं, आणखी एकदा हाक मारू दे.

धाकटीवर जीव आहेच, तो असाच राहील.
तुझी,
मानांग तेओफिस्ता