मंगळाची माती आणि युरियाची गोणी

अण्णा, परवा भर मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि तेव्हापासून तुमची लई आठवण येऊन राहिली. तुम्ही गेल्यानंतरच्या कितीतरी गोष्टी सांगायच्या राहिल्यात. मंगळावर एक गाडी फिरते, बिनमाणसाची. तिचा यांत्रिक हात दगडाला भोक पाडतो, त्याची भुकटी पोटातल्या इवल्या भट्टीत टाकून तापवतो. तापल्यावर जे काही निघतं त्यावरून हुडकायचं, की तिथं कधीकाळी काही जिवंत होतं का. ती मोजमापं वाचणाऱ्यांत तुमची पोरगी हाय. म्हणजे मीही मातीच तपासते, फक्त गाव जरा लांबचं.

या खेपेला सजीवांच्या शरीरात असतो तसला अंश दिसला. सगळे नाचायच्या बेतात, साहेबांनी जाहीर करायचा मजकूरही लिहून ठेवलेला. दगडाची भुकटी टाकायच्या आधी भट्टीतली वाटी रिकामीच तापवून बघतात, ती नोंद मी उघडली. तिच्यातही तोच अंश होता! म्हणजे इथूनच गाडीला चिकटून गेलेला मळ असणार. पाच वर्षांची सगळ्यांची मेहनत, आणि मी अपशकुन करायला उभी. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. तरी मी हात वर केला, अण्णा.

कारण मी एकदा गप्प बसलेली हाय. मी दहा वर्षांची. तुम्ही नांदेडच्या माती तपासणीच्या कचेरीतून सुट्टी काढून मला लोह्याच्या शेतावर नेलंय, मोठ्या बाबांच्या मातीचा नमुना घ्यायला. तुमचं सगळं शिस्तीत. झाडाखालची माती नको, बांधाजवळची नको, उकिरड्याजवळची तर नकोच. "ही घे कापडी पिशवी. मी खड्डे करत जातो, तू माती गोळा कर." तुम्ही पुढं गेलात, आणि बांधावरची चिंच नुसती लगडलेली! मी पिशवी चिंचांनी भरली. मातीसाठी गोठ्यातली युरियाची रिकामी गोणी आणली, दोनदा झटकली. तुम्ही परत यायच्या आत चिंचा झग्यात अन् माती पिशवीत. सगळं गुपचूप.

तपासणीत नत्र, युरियात असतं तेच, भरपूर निघालं. "दादा, यंदा युरिया टाकू नका," असं तुम्ही मोठ्या बाबांना छातीठोक सांगितलंत. भादव्यात खताविना ज्वारी पिवळी पडली. गणपतीच्या जेवणावळीत, सगळ्या भावकीसमोर, मोठे बाबा तुम्हाला म्हणाले, "मातीचा पगार खातोस अन् तुला मातीच कळंना व्हय रे?" तुम्ही खाली बघून वरणभात कालवत राहिलात. मी समोरच्याच पंगतीत होते. पण तोंड काही उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लोह्यातून पुन्हा शेतावर माती घ्यायला निघालो तेव्हा तुम्ही माझ्या हातात दोन पिशव्या दिल्यात, आईकडून शिवून घेतलेल्या. "ही मातीची अन् ही चिंचेची," म्हणालात. रागावला नाहीत, हसलाही नाहीत. सायकलला टांग मारली आणि म्हणालात, "बस मागं."

तुम्हाला ठाऊक होतं ना, अण्णा? मग भावकीत माझं नाव का नाही घेतलंत?

साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुन्हा तपासू. जीव तिथं असला तर सापडेलच की, आणि मला तो सापडावा असं फार वाटतं. सध्या लातूरला आईकडं आलेय, तिच्या ओट्यापाशी बसून लिहितेय. डब्यांमागं ती दुसरी पिशवी अजून हाय, चिंचेनं काळी पडलेली. हा कागद तिच्यातच ठेवेन, दुसरं कुठं धाडणार?

गोणी युरियाची होती, अण्णा. मीच आणली होती. आणि त्या चिंचांतली एकसुद्धा मी तुम्हाला दिली नव्हती.